नो पार्किंग चलान (महाराष्ट्र)

नो पार्किंग चलान म्हणजे सार्वजनिक जागी नियमाविरुद्ध वाहन उभे केल्याबद्दल वाहतूक पोलिसांकडून वाहनचालकास किंवा वाहनाच्या नोंदणीकृत मालकास दिली जाणारी नोटीस होय. महाराष्ट्रात हे चलान बहुतांशी ई-चलानाच्या स्वरूपात निघते. त्याचा कायदेशीर आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा आहे. चलान मिळाल्यानंतर वाहनमालकापुढे दोन मार्ग असतात. तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवणे हा पहिला मार्ग आणि चलानास हरकत घेऊन पोलीस प्रशासनाकडे किंवा न्यायालयात आपली बाजू मांडणे हा दुसरा. शुल्क भरले की प्रकरण तेथेच संपते आणि त्यानंतर हरकतीला सहसा वाव उरत नाही. म्हणून या दोहोंतील निवड शुल्क भरण्यापूर्वी करावी लागते. हा लेख महाराष्ट्रातील, विशेषतः जालना जिल्ह्यातील वाहनधारकांच्या संदर्भात या प्रक्रियेची माहिती देतो.

## संज्ञा

बोलीभाषेत या कारवाईला 'पावती फाडणे' असे म्हणतात. वाहतूक पोलीस कागदी पावतीपुस्तकातून दंडाची पावती देत असत, त्या काळातील हा शब्दप्रयोग ई-चलान आल्यानंतरही रूढ आहे. 'चलान' आणि 'चलन' अशी दोन्ही रूपे वृत्तपत्रांत आढळतात.

चलानाची रक्कम सामान्यतः 'दंड' म्हणून ओळखली जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र पोलिसांकडे भरली जाणारी रक्कम हे 'तडजोड शुल्क' असते, तर 'दंड' ही न्यायालयाने दिलेली शिक्षा असते. त्याचप्रमाणे चलानाविरुद्ध 'अपील करणे' हा प्रयोगही सैल अर्थाने केला जातो. अपील हे न्यायालयाच्या निकालाविरुद्ध असते. निकालापूर्वी चलानाला दिलेले आव्हान ही 'हरकत' किंवा 'तक्रार' होय.

## इतिहास

भारतात मोटार वाहनांविषयीचे कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ साली झाले. सध्याचा १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७७ नुसार, ज्या उल्लंघनासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही अशा पहिल्या गुन्ह्यास १०० रुपयांपर्यंत आणि नंतरच्या गुन्ह्यास ३०० रुपयांपर्यंत दंड होता. चुकीच्या जागी वाहन उभे करणे हे उल्लंघन मुख्यतः याच कलमाखाली येते.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने या मर्यादा अनुक्रमे ५०० आणि १,५०० रुपये केल्या. या कायद्यातील दंडविषयक तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आल्या. वाढीव दंडाला महाराष्ट्रात विरोध झाला आणि तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्र शासनाकडे फेरविचाराची विनंती केली. त्यामुळे राज्यात वाढीव तडजोड शुल्काची अंमलबजावणी लांबली आणि ती डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली.

मुंबईत सीसीटीव्ही कॅमेऱ्यांवर आधारित ई-चलानाची पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली. पुढे 'एक राज्य, एक ई-चलान' या प्रकल्पाद्वारे राज्यातील इतर पोलीस घटक एकाच संगणकीय प्रणालीत आणले गेले. परिणामी एका जिल्ह्यात नोंदलेल्या वाहनावरील दुसऱ्या जिल्ह्यातील चलान कोठूनही पाहता व भरता येऊ लागले.

## कायदेशीर आधार

### कोणत्या जागी वाहन उभे करणे गुन्हा ठरते

अधिनियमाच्या कलम १२२ नुसार, इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सार्वजनिक जागी सोडून देणे किंवा उभे ठेवणे यास मनाई आहे. या कलमासाठी 'नो पार्किंग'चा फलक असणे आवश्यक नाही. त्यामुळे 'तेथे फलक नव्हता' हा बचाव प्रत्येक प्रकरणात पुरेसा ठरत नाही.

कलम ११८ खाली केलेल्या वाहनचालनविषयक विनियमांत वाहन उभे करण्यास मनाई असलेल्या जागा सांगितल्या आहेत. पादपथ, चौक व वळणाजवळील जागा, पादचारी ओलांडणीजवळील जागा, बसथांबा, शाळा व रुग्णालय यांचे प्रवेशद्वार, तसेच दुसऱ्या उभ्या वाहनाची वाट अडेल अशी जागा यांचा त्यांत समावेश होतो. या विनियमांच्या भंगासाठी कलम १७७अ मध्ये ५०० ते १,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

याव्यतिरिक्त विशिष्ट रस्त्यावर सक्षम अधिकारी अधिसूचनेद्वारे पार्किंगला बंदी घालू शकतात. कलम ११६ वाहतूक चिन्हे उभारण्याशी आणि कलम ११७ वाहनतळ निश्चित करण्याशी संबंधित आहे. वाहनतळ ठरवताना संबंधित स्थानिक स्वराज्य संस्थेशी विचारविनिमय करणे अपेक्षित असते. अनेक शहरांत रस्त्याच्या एका बाजूस सम तारखेला व दुसऱ्या बाजूस विषम तारखेला वाहने उभी करण्याची पद्धत आहे. तिचे फलक 'पी-१' व 'पी-२' या नावांनी ओळखले जातात.

'नो पार्किंग' आणि 'नो स्टॉपिंग' ही दोन वेगळी चिन्हे आहेत. निळ्या वर्तुळावर एक तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई असते, परंतु प्रवासी उतरवण्यापुरते क्षणभर थांबता येते. दोन तिरप्या रेघांची फुली असेल तर थांबण्यासही मनाई असते.

### रक्कम

महाराष्ट्रात कलम १७७ खालील पहिल्या उल्लंघनासाठी ५०० रुपये आणि नंतरच्या उल्लंघनासाठी १,५०० रुपये तडजोड शुल्क आहे. एकाच वेळी विमा, हेल्मेट किंवा नंबरप्लेट यांविषयीचे उल्लंघन नोंदले गेल्यास त्यांच्या रकमा स्वतंत्रपणे मिळवल्या जातात. म्हणून चलानावरील एकूण आकड्याबरोबरच प्रत्येक कलमासमोरील रक्कम पाहणे महत्त्वाचे असते.

### महापालिका आणि पोलीस यांचे अधिकार

शहरातील 'पे अँड पार्क' वाहनतळांचे शुल्क महानगरपालिका किंवा नगरपरिषद आकारते. नो पार्किंगचे चलान मात्र सर्वसाधारणपणे वाहतूक पोलीस देतात आणि त्याची रक्कम राज्य शासनाकडे जमा होते. त्यामुळे पोलिसांच्या चलानाविरुद्ध महापालिकेकडे केलेल्या अर्जाने ते रद्द होत नाही. बृहन्मुंबई महानगरपालिकेने ७ जुलै २०१९ पासून आपल्या सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात अनधिकृत पार्किंगसाठी हजारो रुपयांची आकारणी सुरू केली होती. स्थानिक संस्थेने स्वतः अशी कारवाई केल्याचे ते राज्यातील ठळक उदाहरण आहे.

## चलान निघण्याची प्रक्रिया

वाहतूक पोलीस कर्मचारी ई-चलान यंत्राद्वारे वाहनाचे छायाचित्र घेऊन क्रमांक, ठिकाण, वेळ आणि कलम यांची नोंद करतो. चालक जागेवर असल्यास त्याला तेथेच शुल्क भरता येते. तो नसल्यास चलान प्रलंबित राहते आणि नोंदणी अभिलेखातील भ्रमणध्वनी क्रमांकावर लघुसंदेश पाठवला जातो. अभिलेखात जुना क्रमांक असल्यास मालकाला चलानाची माहितीच मिळत नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा 'महाट्रॅफिक' अ‍ॅपवर वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक देऊन प्रलंबित चलाने पाहता येतात.

कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे होणाऱ्या कारवाईसाठी २०१९ च्या सुधारणेने कलम १३६अ समाविष्ट केले. त्याखालील नियम १६७अ केंद्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित केला. अनधिकृत जागी वाहन थांबवणे किंवा उभे करणे हे या नियमाच्या कक्षेतील उल्लंघनांपैकी एक आहे. नियमासोबतच्या यादीत देशातील १३२ शहरे असून त्यांत महाराष्ट्रातील १९ शहरांचा समावेश आहे. जालना हे त्यांपैकी एक होय.

या नियमानुसार उल्लंघनाची नोटीस घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठवणे अपेक्षित आहे. चलानासोबत पुढील बाबी असाव्या लागतात :

* उल्लंघन आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारे छायाचित्र
* दिनांक, वेळ आणि ठिकाण
* अधिनियमाच्या कोणत्या तरतुदीचा भंग झाला त्याचा उल्लेख
* आवश्यक तेथे यंत्रावरील मोजमाप
* इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचे प्रमाणपत्र

हे प्रमाणपत्र मूळ नियमात भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६५ब(४) नुसार सांगितलेले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात त्यास समांतर तरतूद कलम ६३ मध्ये आहे.

## शुल्क भरण्याचा परिणाम

अधिनियमाच्या कलम २०० नुसार राज्य शासनाने प्राधिकृत केलेला अधिकारी ठरावीक गुन्ह्यांची तडजोड करू शकतो. तडजोड झाल्यावर त्या गुन्ह्याबद्दल पुढील फौजदारी कार्यवाही होत नाही. सामान्य वाहनधारकाच्या दृष्टीने हा सर्वांत जलद मार्ग होय. वकील, तारीख किंवा न्यायालयातील उपस्थिती यांची गरज पडत नाही आणि ऑनलाइन भरणा केल्यावर पावती मिळते.

या मार्गाची दुसरी बाजू अशी की, 'आधी भरून टाकू आणि नंतर तक्रार करू' हा विचार बहुधा निष्फळ ठरतो. तडजोड ही वाहनधारकाने आपल्या इच्छेने केलेली मानली जाते. चलान चुकीचे असल्याचे पुढे लक्षात आले तरी परताव्याचा मार्ग कठीण असतो. शिवाय प्रणालीत पूर्वीचे उल्लंघन नोंदलेले असल्यास पुढील चलान वाढीव दराने निघू शकते. व्यावसायिक वाहनांच्या बाबतीत हा फरक वर्षभरात मोठा होतो.

## हरकत घेण्याचे मार्ग

### पोलीस प्रशासनाकडे तक्रार

राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. चलान क्रमांक, हरकतीचे कारण आणि पुरावे त्यासोबत द्यावे लागतात. चलान देणाऱ्या घटकाच्या वाहतूक शाखेकडे लेखी अर्जही करता येतो. अशा अर्जाची पोच घेतली जाते. क्रमांक वाचण्यातील चूक किंवा दुबार चलान यांसारखी कागदोपत्री सिद्ध होणारी प्रकरणे या पातळीवर सुटण्याची शक्यता अधिक असते.

### आभासी न्यायालय

प्रलंबित चलान आभासी न्यायालयाकडे पाठवले जाऊ शकते. देशातील असे पहिले न्यायालय २०१९ मध्ये दिल्लीत सुरू झाले. महाराष्ट्रातील वाहतूक चलानांसाठीच्या आभासी न्यायालयाचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते झाले. ते नागपूर जिल्ह्यातील काटोल येथील न्यायालयाशी जोडलेले आहे. आभासी न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरण उघडल्यावर दंड भरणे किंवा प्रकरण लढवणे असे पर्याय दिसतात. दुसरा पर्याय निवडल्यास प्रकरण अधिकारक्षेत्र असलेल्या नियमित न्यायालयाकडे वर्ग होते.

### नियमित न्यायालय

नियमित न्यायालयात प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते. कलम २०८ नुसार किरकोळ गुन्ह्यांत समन्स देताना आरोपीस स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहण्याची, अथवा गुन्हा कबूल करून रक्कम पाठवण्याची मुभा देता येते. गुन्हा नाकारल्यास तो सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते.

गुन्हा कबूल केल्यानंतर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाला फारच मर्यादित वाव असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ नुसार असे अपील केवळ शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा वैधतेबद्दल करता येते. अत्यल्प दंडाच्या काही शिक्षांविरुद्धही अपील चालत नाही. अशा वेळी सत्र न्यायालयाकडे पुनरीक्षण अर्ज हा मार्ग उरतो.

याच संहितेच्या कलम ५१४ नुसार केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घेणे अपेक्षित आहे. योग्य कारण असल्यास न्यायालय विलंब माफ करू शकते. त्यामुळे जुने चलान आपोआप रद्द होते असा समज बरोबर नाही. मुदतीचा मुद्दा न्यायालयापुढे मांडावा लागतो.

### हरकतीची सामान्य कारणे

* छायाचित्रातील वाहन वेगळे असणे किंवा दुसऱ्याने तोच क्रमांक बनावट नंबरप्लेटवर वापरलेला असणे
* चलानातील ठिकाण, वेळ किंवा वाहनाचा प्रकार छायाचित्राशी न जुळणे
* एकाच प्रसंगी एकाच उल्लंघनासाठी दोन चलाने निघणे
* घटनेपूर्वी वाहन चोरीस गेल्याची फिर्याद नोंदलेली असणे
* सम-विषम तारखेच्या रस्त्यावर वाहन योग्य बाजूस उभे असणे
* बंदीची अधिसूचना अस्तित्वात नसणे, तिची मुदत संपलेली असणे किंवा फलक झाकला गेलेला असणे
* वाहन बंद पडणे किंवा रुग्णास तातडीने उतरवणे यांसारखी अपरिहार्य परिस्थिती

शेवटच्या कारणात उल्लंघन नाकारलेले नसून त्यामागील परिस्थिती सांगितलेली असते. दुरुस्तीची पावती किंवा रुग्णालयातील नोंद असल्यास त्याचा विचार होऊ शकतो, परंतु निर्णय अधिकाऱ्याच्या किंवा न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून राहतो. पार्किंग बंदीच्या अधिसूचनेची प्रत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येते. अर्जाचे शुल्क १० रुपये असून उत्तरासाठी सामान्यतः ३० दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार असा अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. चलानाची मुदत या अर्जामुळे थांबत नाही.

विकलेल्या वाहनाचे चलान जुन्या मालकास येणे ही वारंवार आढळणारी अडचण आहे. विक्रीची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्यास देण्याची जबाबदारी कलम ५० नुसार विक्रेत्यावरही असते. राज्यांतर्गत विक्रीसाठी ही मुदत १४ दिवसांची आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या अपघात-भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नोंदणी अभिलेखात ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल असा निर्णय दिला. चलानाच्या व्यवहारातही नोटीस अभिलेखातील नावानेच जाते.

## लोकअदालत

राष्ट्रीय लोकअदालतीत प्रलंबित ई-चलानांची प्रकरणे दाखलपूर्व स्वरूपात ठेवली जातात. तिचे आयोजन जिल्हा पातळीवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही.

लोकअदालत हे तडजोडीचे व्यासपीठ आहे. चलान बरोबर की चूक याचा साक्षीपुराव्यानिशी निर्णय तेथे होत नाही. म्हणून चूक मान्य असलेल्या आणि अनेक चलाने साचलेल्या वाहनधारकास ती सोयीची ठरते. चलानच चुकीचे आहे असे ज्याचे म्हणणे असते, त्याचा प्रश्न मात्र तेथे पूर्णपणे सुटत नाही. लोकअदालतीत रक्कम नेहमी निम्मी होते, या समजाला कायद्यात आधार नाही.

## निर्णयावर परिणाम करणारे घटक

शुल्क भरावे की हरकत घ्यावी, हे मुख्यतः पुरावा, खर्च आणि मुदत यांवर ठरते. छायाचित्रात वाहन व बंदीची जागा स्पष्ट दिसत असेल आणि वाहनधारकाकडे विरोधी पुरावा नसेल, तर शुल्क भरणे व्यवहार्य ठरते. पुरावा कागदोपत्री असेल, तर ऑनलाइन तक्रारीस खर्च नसल्याने प्रथम तो मार्ग अवलंबता येतो.

न्यायालयीन मार्गाचा हिशोब निराळा आहे. कलम १७७ पुरते पाहिल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कलमातील दंडाची कमाल मर्यादा आणि राज्याचे तडजोड शुल्क दोन्ही ५०० रुपयेच आहेत. प्रकरण लढवणाऱ्याचा खरा धोका वाढीव दंडापेक्षा वेळ, प्रवास, वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी हा असतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या रिक्षाचालकाच्या किंवा मालवाहू वाहनाच्या चालकाच्या दृष्टीने दोन तारखांचा खर्च चलानाच्या रकमेपेक्षा अधिक होऊ शकतो. त्यामुळे चूक नसतानाही अनेक जण रक्कम भरून मोकळे होतात.

तथापि, काही प्रकरणांत रक्कम लहान असली तरी हरकत घेणे महत्त्वाचे असते. बनावट नंबरप्लेटचे प्रकरण हे त्याचे उदाहरण होय. असे चलान भरल्यास वाहन त्या ठिकाणी असल्याचे मालकाने जणू मान्य केल्यासारखे होते, आणि त्याच क्रमांकाचा पुढे गंभीर गुन्ह्यात वापर झाल्यास अडचण वाढू शकते. विकलेल्या वाहनाच्या बाबतीतही एक चलान भरल्याने पुढची चलाने थांबत नाहीत; त्यासाठी हस्तांतरणाची नोंद पूर्ण करावी लागते.

काहीच न करणे हा यांतील सर्वांत तोट्याचा पर्याय मानला जातो. चलान प्रलंबित राहते, न्यायालयाचे समन्स येऊ शकते, रस्त्यावरील तपासणीत थकीत रक्कम मागितली जाते आणि वाहनाच्या हस्तांतरणासारख्या कामांत अडथळा येऊ शकतो. काळ जाईल तसा घटनेचा पुरावाही विरत जातो. फलकाची त्या दिवशीची स्थिती दाखवणारे छायाचित्र काही महिन्यांनी मिळवता येत नाही.

## जालना जिल्ह्यातील स्थिती

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जिल्ह्यात जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जालना शहराची लोकसंख्या सुमारे २.८५ लाख होती. येथील नगरपरिषदेचे २०२३ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. जिल्ह्यातील इतर शहरांत नगरपरिषदा व नगरपंचायती आहेत.

कुंडलिका नदीमुळे शहराचे जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग पडतात. बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांच्या व्यापारामुळे मालवाहू वाहनांची वर्दळ मोठी असते. जुन्या बाजारपेठेतील रस्ते अरुंद आहेत आणि अनेक दुकानांना स्वतःचा वाहनतळ नाही. खेड्यांतून खरेदीसाठी येणाऱ्यांच्या दुचाकी आणि दुकानांत माल उतरवणारे टेम्पो एकाच रस्त्यावर उभे राहतात. अशा ठिकाणी वाहन 'क्षणभर थांबले' की 'उभे केले' हा वादाचा मुद्दा होतो.

जालन्यात पोलीस आयुक्तालय नाही. वाहतूक शाखा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अधिपत्याखाली काम करते. वाहन नोंदणी, हस्तांतरण आणि भ्रमणध्वनी क्रमांकातील बदल ही कामे परिवहन विभागाच्या जालना कार्यालयाकडे आहेत; या कार्यालयाचा नोंदणी संकेत 'एमएच २१' असा आहे. चलान पोलिसांचे आणि नोंदणी परिवहन विभागाची असल्याने तक्रारदाराला आपली अडचण कोणत्या कार्यालयाशी संबंधित आहे हे आधी ठरवावे लागते. छायाचित्र किंवा ठिकाण चुकले असल्यास वाहतूक शाखा आणि मालकाचे नाव चुकले असल्यास परिवहन कार्यालय, असा ढोबळ भेद करता येतो.

प्रकरण कोणत्या न्यायालयात चालेल हे उल्लंघनाच्या ठिकाणावरून ठरते. 'एमएच २१' क्रमांकाच्या वाहनावर पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर येथे चलान निघाल्यास नियमित न्यायालयातील सुनावणी तेथे होते. परतूर किंवा मंठा येथून पुण्यास तारखेला जाण्याचा खर्च पाहता जिल्ह्याबाहेरील चलानांत ऑनलाइन तक्रार हाच बहुतेकांसाठी प्रत्यक्षात उपलब्ध असलेला मार्ग ठरतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि उत्पन्नमर्यादेत बसणारे नागरिक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत विधी साहाय्य मागता येते.

## उचलून नेलेली वाहने

कलम १२७ नुसार बंदी असलेल्या जागी उभे केलेले किंवा वाहतुकीस अडथळा करणारे वाहन टोइंगद्वारे हलवता येते आणि त्याचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो. अशा वेळी चलानाची रक्कम आणि टोइंगचे शुल्क या दोन स्वतंत्र बाबी असतात. वाहन सोडवून घेणे निकडीचे असल्याने येथे हरकतीचा मार्ग अवघड होतो. दोन्ही रकमांच्या वेगळ्या पावत्या आणि वाहनास झालेल्या नुकसानीची छायाचित्रे जागेवरच घेतल्यास पुढील तक्रारीस आधार मिळतो.

## बनावट संदेश

ई-चलानाच्या नावाने आर्थिक फसवणुकीचे प्रकार देशभर घडले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाची सूचना भासवणारी एपीके फाइल पाठवली जाते. ती उघडल्यास भ्रमणध्वनीचा ताबा जाऊन बँक खात्यातील रक्कम काढली जाऊ शकते. शासकीय संकेतस्थळांचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो. संदेशातील दुवा न उघडता अधिकृत संकेतस्थळावर वाहन क्रमांकाद्वारे चलानाची खातरजमा करता येते. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर नोंदवता येते.

## टीका

ई-चलान पद्धतीमुळे जागेवरील रोख व्यवहार आणि त्यातील गैरप्रकारांना आळा बसतो, असे समर्थक मानतात. पुरेसे वाहनतळ न पुरवता केवळ दंड आकारला जातो, फलक अस्पष्ट असतात आणि तक्रारींचा निर्णय चलान देणाऱ्या यंत्रणेकडेच असतो, असे आक्षेप विरोधक घेतात. जुलै २०२५ मध्ये राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या प्रश्नावर संप पुकारला. माल उतरवण्यासाठी अधिकृत जागा नसताना पार्किंगची चलाने निघतात, ही वाहतूकदारांची जुनी तक्रार आहे. त्याच सुमारास वाहतूक पोलिसांनी चलानासाठी खासगी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेऊ नयेत, असे निर्देश राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने दिले.

## इतर देशांतील पद्धती

इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी रस्त्यावरील पार्किंगचे उल्लंघन हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट, १९९१ ने या बदलाची सुरुवात झाली आणि ट्रॅफिक मॅनेजमेंट अ‍ॅक्ट, २००४ ने ही व्यवस्था विस्तारली. तेथे स्थानिक परिषद 'पेनल्टी चार्ज नोटीस' देते. ती सामान्यतः १४ दिवसांत भरल्यास निम्मी सवलत मिळते. परिषदेने हरकत फेटाळल्यास वाहनमालक स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागू शकतो. लंडनसाठी हे काम लंडन ट्रिब्युनल्स पाहते.

महाराष्ट्रातील पद्धतीत लवकर भरण्यासाठी अशी कायमची सवलत नाही आणि केवळ पार्किंगसाठीचे स्वतंत्र न्यायाधिकरणही नाही. पोलीस प्रशासनाने तक्रार फेटाळल्यानंतरचा टप्पा थेट फौजदारी न्यायालयाचा असतो. त्यामुळे लहान रकमेच्या वादात स्वतंत्र निर्णय मिळवणे कायद्याने शक्य असले, तरी सामान्य वाहनधारकाला ते खर्चाच्या दृष्टीने सहसा परवडत नाही.

## हे सुद्धा पहा

* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* महाराष्ट्र पोलीस
* लोकअदालत
* माहितीचा अधिकार
* जालना जिल्हा